हंडा कुणाचा? सोनगीरचे तांबट, मुंबईचा आर्टिस्ट आणि मधे उभी राहिलेली आमची क्युरेटर

मागं एका हिवाळ्यात जळगावात एक प्रदर्शन झालं. जागा म्हणजे एमआयडीसीतलं बंद पडलेलं गोडाऊन, विषय रोजच्या वापरातल्या वस्तू. एका बाजूला सोनगीरची हाताने ठोकलेली तांब्याची भांडी, दुसऱ्या बाजूला जळगावची प्लास्टिकची चटई, आणि या दोन्हींवर काम केलेले तीन आजचे आर्टिस्ट. क्युरेटर, म्हणजे काय दाखवायचं आणि कसं मांडायचं ते ठरवणारी, आपल्याच भागातली, अमळनेर तालुक्यातल्या एका गावची मुलगी. लोकल कोऑर्डिनेशन मी बघत होतो, म्हणजे गाड्या, मजूर, लाईटवाला, परवानग्या. उद्घाटनाच्या आधी एका लेबलवरून, भिंतीवर कामाशेजारी जी छोटी पट्टी लावतात ना, तिच्यावरून अख्खा शो बंद पडायची वेळ आली होती. ते प्रकरण इथं नीट लिहून ठेवतोय, कारण क्युरेटर व्हायचंय म्हणणारी बरीच पोरं-पोरी मला भेटतात आणि या कामात नेमकं काय करावं लागतं ते कुणी सांगत नाही. नावं टाकणार नाहीये. तांबट घराचं नाव हॉलमध्ये लागलं होतं, पण नेटवर नको असं त्यांनीच सांगितलंय आणि त्याचं कारण पुढं येईलच.

आधी तिच्याबद्दल. बारावीनंतर ती बडोद्याला गेली, तिथल्या फॅकल्टी ऑफ फाईन आर्ट्समध्ये, जी १९५० ला सुरू झाली आणि जिथं चित्र काढायला शिकवतात तसाच चित्रांचा इतिहासही गंभीरपणे शिकवतात. पेंटिंग सोडून ती आर्ट हिस्ट्रीकडे वळली तेव्हा घरी मोठा वाद झाला होता, कारण पेंटिंग केलं तर निदान शाळेत चित्रकला शिक्षक होता येतं, हे दुसरं करून काय मिळणार? मग मुंबईत एका गॅलरीत असिस्टंट. तिथं तिनं सुरुवातीला फक्त खोकी उघडली आणि कंडिशन रिपोर्ट लिहिले, म्हणजे काम आलं तेव्हा कुठं ओरखडा होता, कुठं कोपरा दबलेला होता, फोटोसकट सगळं लिहून सही घ्यायची. ती म्हणते की खरं शिक्षण तिथंच झालं, आणि मला ते पटतं, कारण ज्या क्युरेटरनं स्वतः खोकी उघडलेली नाहीत तिला वस्तू हातात धरणाऱ्या माणसांचं काम कळतच नाही.

ती परत का आली, याला एकच कारण नाहीये. मुंबईत असिस्टंटची असिस्टंट होऊन किती वर्षं काढायची हे एक. दुसरं चाळीसगाव. केकी मूस यांचं घर तिनं लहानपणी शाळेच्या सहलीत बघितलेलं. १९१२ चा जन्म, १९८९ ला गेले, आणि आयुष्यातली कित्येक वर्षं चाळीसगाव स्टेशनजवळच्या त्या घरात जवळपास बाहेर न पडता काढली. घरातल्याच साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून, लाईट टाकून असे फोटो काढले की बघणाऱ्याला तो खराखुरा डोंगर, खरं बर्फ वाटावं. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात त्याला. ती म्हणायची की एवढं मोठं काम आपल्याकडं चाळीसगावात आहे आणि जळगावच्या माणसाला ते माहीत नाही, यात बघणाऱ्याचा दोष नाही, मधे कुणीतरी उभं राहून दाखवायला पाहिजे होतं. हे मधे उभं राहणं म्हणजेच तिचा धंदा. आपल्याकडं लोक तिला संयोजक म्हणतात, इव्हेंटवाली म्हणतात. ती समजावत बसत नाही, काम करते.

आता शोची कल्पना. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथं फिरलं आणि त्यांनी इंडिया रिपोर्ट लिहिला, पुढं त्यातूनच १९६१ ला अहमदाबादची एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन, उभी राहिली. त्या रिपोर्टमध्ये त्यांना भारतात सगळ्यात जास्त भावलेली वस्तू कोणती, तर आपला लोटा. पाणी किती मावावं, डोक्यावर, कमरेवर की हातात न्यायचा, भरल्यावर तोल कुठं जातो, ओतताना धार कशी पडते, हाताला कसा लागतो, किमतीला परवडतो का, असे प्रश्नच प्रश्न त्यांनी मांडलेत आणि म्हटलंय की हा कुणा एका माणसानं डिझाईन केलेला असूच शकत नाही, पिढ्यान्पिढ्या अनेकांनी मिळून तो घडवलाय. हिला वाटलं की मग आपल्या धुळे-जळगावकडं हे आजही चालू आहे ते दाखवू. मुंबई-आग्रा हायवेला धुळ्याच्या पुढं सोनगीर लागतं, तिथं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं काम आधीपासूनचं. आणि जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईचे कारखाने आहेत, ती चटई तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या घरात आहे, लग्नाच्या मांडवात आहे, शाळेच्या वर्गात आहे, पण डिझाईन म्हणून तिच्याकडं कुणी बघत नाही. न्यूयॉर्कच्या मोमामध्ये, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये, तिथल्या क्युरेटर पाओला अँटोनेली यांनी २००४ ला पेपरक्लिप, पोस्ट-इट असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंचं प्रदर्शन केलं होतं. हिच्या कन्सेप्ट नोटमध्ये त्याचा उल्लेख होता, पण चटई आणि हंडा एकाच छताखाली आणणं हे तिचं स्वतःचं डोकं.

पैसे दोन ठिकाणहून आले. थोडी ग्रँट मुंबईच्या एका संस्थेची आणि बाकी इथल्याच एका चटई कारखान्याच्या शेठजींची स्पॉन्सरशिप. क्युरेटरची फी ठोक ठरलेली, काम कितीही वाढलं तरी तेवढीच, हे या करिअरमधलं कायमचं दुखणं आहे. म्हणून बहुतेक क्युरेटर जोडीला कॅटलॉगचे लेख लिहितात, कॉलेजात तासिका घेतात.

तीन आर्टिस्टपैकी एकाचं काम सगळ्यात मोठं. तांब्याच्या हंड्यांची उतरंड, माणसापेक्षा उंच, खालचा हंडा पूर्ण मठारलेला, म्हणजे हातोडीच्या बारीक ठोक्यांनी भरलेला, आणि वर वर जाताना मठारकाम कमी होत जातं, सगळ्यात वरचा नुसता घडवलेला पत्रा. कल्पना खरोखर सुंदर होती आणि ती त्याचीच होती, हे मी आधीच सांगतो, कारण पुढं वाचताना तो वाईट माणूस वाटेल आणि तसा तो नाहीये.

ड्रॉइंग घेऊन आम्ही सोनगीरला गेलो. तांबट काका ओट्यावर बसलेले, बाजूला त्यांचे वडील, आबा, वय झालेलं पण हात चालू. काकांनी ड्रॉइंग उलटंसुलटं करून बघितलं आणि हंड्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. तिथं आर्टिस्टनं एकदम धारदार कोपरा काढलेला. ते म्हणाले हे होणार नाही, पत्रा इथं पातळ होईल आणि ठोक्याला चिरेल. आणि नुसतं बोलून थांबले नाहीत. तांबं ठोकत गेलं की कडक होत जातं, मग परत भट्टीत लालसर होईपर्यंत तापवून मऊ करायचं, काळं पडलेलं चिंचेनं घासून काढायचं, पुन्हा ठोकायचं, असं चक्र असतं. त्यांनी एक तुकडा घेऊन त्या चक्रातून काढला, ड्रॉइंगप्रमाणे कोपरा मारला आणि तिसऱ्या तापवणीनंतर त्या कोपऱ्यावर केसाएवढी चीर आलेली आमच्या हातात दिली. मग दुसरा तुकडा, त्याला खांद्याशी बोटभर गोलाई. चीर नाही. वर मठाराचे ठोके त्या गोलाईवरून खाली आणले तर प्रत्येक ठोक्यावर उजेड वेगळा पडायला लागला. फोनवर फोटो पाठवला, आर्टिस्ट खूश, म्हणाला असंच करा. शोमध्ये लोकांनी सगळ्यात जास्त फोटो काढले ते त्या खांद्याचेच.

हे काम काकांनी कधी केलं? ऐन लग्नसराईच्या तोंडावर. तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडं रुखवताच्या भांड्यांना मागणी सुरू होते आणि तोच त्यांचा कमाईचा काळ. उतरंडीसाठी त्यांनी नेहमीच्या ऑर्डरी मागं टाकल्या. या घराचा व्यवहार असा की व्यापारी पत्रा देतो, तयार भांडं उचलतो आणि किलोवर मजुरी देतो. पण उतरंडीच्या वरच्या हंड्यांमध्ये ठोके कमी आणि विचार जास्त, त्याचं वजन कसं करणार? म्हणून हिनं पहिल्यापासून किलोचा हिशोब बाजूला ठेवला, दिवसाचा दर ठरवला आणि अर्धे पैसे ॲडव्हान्स दिले. ग्रँटच्या बजेटमध्ये हे बसत नव्हतं, ते तिनं कॅटलॉगची छपाई कमी करून बसवलं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आता वाटतं तेच बरोबर होतं.

मग लेबल आलं. आर्टिस्टच्या गॅलरीकडून ईमेल, लेबल याच मजकुराचं लावायचं म्हणून. आर्टिस्टचं नाव, कामाचं नाव, वर्ष, आणि शेवटी मीडियम म्हणून, तांबं, स्थानिक कारागिरांच्या मदतीनं. बास. तिनं उत्तर पाठवलं की तांबटांचं नाव त्याच टाईपात आणि त्याच आकारात खाली येईल, डिझाईन आर्टिस्टचं आणि घडण यांची असं. गॅलरीचं म्हणणं, फॅब्रिकेटरचं, म्हणजे वस्तू घडवून देणाऱ्याचं, नाव टाकायची पद्धत नाही, जगभर मोठमोठे आर्टिस्ट फाउंड्रीत, धातूच्या ओतशाळेत, कामं करून घेतात तिथं कुठं नावं असतात, आणि नाव टाकलं तर उद्या विकताना काम नेमकं कुणाचं हा प्रश्न येईल. आर्टिस्टनं स्वतः फोन केला आणि गंमत म्हणजे ईम्सचाच दाखला दिला. म्हणाला, तुझ्याच नोटमध्ये लिहिलंयस ना की लोटा कुणा एकाचा नसतो, मग आता एकाच घराचं नाव कशाला?

तिचं उत्तर मला जवळपास पाठ झालंय कारण मी शेजारीच बसलेलो. लोट्याचा आकार कुणा एकाचा नाही हे खरं, पण हा हंडा, हा समोरचा, याचा खांदा कुणी वळवला ते आपल्याला माहीत आहे, चीर आलेला तुकडा माझ्या बॅगेत आहे. जे माहीत नाही ते अनामिक ठेवू, जे माहीत आहे ते लपवायचं कशाला.

रात्री तिनं एक मोठा ईमेल लिहिला. त्यात अजिंठा होता, कारण जळगावच्या माणसाला तो घराजवळचा. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधले जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात तिथल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पोरांनी लेण्यांत बसून वर्षानुवर्षं काम केलं, त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती पुढं लंडनला आगीत गेल्या, आणि ज्या उरल्या त्यांना आजही लोक ग्रिफिथ्सच्या कॉप्या म्हणतात. पेस्तनजी बोमनजींसारखं एखादं नाव अभ्यासकांना माहीत असतं, बाकीच्यांचं काय? आणि उलट बाजूनं भोपाळ. १९८२ ला तिथं भारत भवन हे कलाकेंद्र सुरू झालं, ते बांधलं जात असताना भूरीबाई ही भिल्ल बाई तिथं मजुरी करत होती. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी तिला चित्रं काढायला लावली आणि ती तिच्या नावानं मांडली. २०२१ ला भूरीबाईंना पद्मश्री मिळाली. आपल्या नंदुरबारच्या डोंगरातही भिल्ल, पावरा समाज आहे, तिथं असं नाव लावून दाखवणारं कोण आलं, असं तिनं शेवटी लिहिलं होतं. ईमेल थोडा लांबला, माझ्या मते भूरीबाईंचं उदाहरण इथं पूर्ण लागूही होत नाही, कारण ती चित्रं पूर्णपणे त्यांची स्वतःची होती. पण अजिंठ्याचं उदाहरण बरोबर बसलं. आर्टिस्टचा सकाळी मेसेज आला, नावाला माझी हरकत नाही, गॅलरीशी मी बोलतो.

आता खरी गोष्ट. ही आनंदाची बातमी घेऊन आम्ही सोनगीरला गेलो आणि काका गप्प झाले. तिला वाटलेलं ते खूश होतील. काका म्हणाले, "हाई काम मना एकलानं नही शे, ताई." मग एकेक करून सांगितलं. गोलाईचा अंदाज आबांचा, मठाराचे बारीक ठोके धाकट्या भावाचे, जोडाला डाख दिला, म्हणजे सांधा जोडला, तो काकांनी, आणि घासणं-उजळणं सगळं काकूंचं. एकट्याचं नाव लागलं तर भावाला तोंड कसं दाखवू. ती तिथंच वहीत चार नावं लिहायला लागली, काकूंना नाव विचारलं तर काकू आत निघून गेल्या आणि आबांनी सांगितलं, लिही, तिचंही लिही.

तेवढ्यावर संपलं नाही. काकांची दुसरी अडचण व्यापाऱ्याची. जळगावात भिंतीवर नाव-गाव लागलं, कुणी फोटो टाकला, लोक थेट ऑर्डर द्यायला आले, तर पत्रा उधारीवर देणारा व्यापारी म्हणणार की तू माझं गिऱ्हाईक तोडतोस. आणि पत्रा बंद झाला तर वर्षभर करायचं काय? मला हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. शहरात बसून आपण समजतो की कारागिराचं नाव नसतं कारण कुणाला त्याची कदर नाही. इथं नाव नसण्यावर एक अख्खा व्यवहार उभा आहे, उधारी त्याच्यावर चालते, आणि क्युरेटरनं चांगल्या मनानं नाव लावलं तरी त्याची किंमत तिला द्यावी लागत नाही, त्या घराला द्यावी लागते. तिला हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ती तिथं वाद घालत बसली नाही, निर्णय तुमचा म्हणाली आणि दोन दिवस थांबली. शेवटी घरानं सांगितलं की चौघांची नावं लावा, गाव लावा, फोन नंबर लावू नका, नेटवर टाकू नका, आणि उद्घाटनाला व्यापाऱ्यालाही बोलवा. ही शेवटची अट आबांची. व्यापारी आला, पहिल्या रांगेत बसला, आणि भांड्यांच्या एका कपाटासाठी त्यानं स्वतःच्या दुकानातल्या जुन्या परातीही दिल्या.

काँट्रॅक्टमध्ये मग हे सगळं आलं. नावं, क्रम, टाईपाचा आकार, आणि लेबलचा मजकूर बदलायचा तर दोन्ही बाजूंच्या सह्या. तिनं आणखी एक मागितलेलं, काम विकलं गेलं तर ठरावीक टक्का तांबट घराला. ते गॅलरीनं साफ नाकारलं. तडजोड म्हणून एक ठोक जादा रक्कम मिळाली, तीही शो उतरायच्या आधी हातात.

मांडणीची थोडी माहिती देतो कारण नवीन लोकांना उपयोगी पडेल. गोडाऊनच्या छताला मधे मधे पारदर्शक पत्रे होते आणि दुपारी ऊन थेट आत. तांब्याला उजेडाचं काही नाही, त्याला त्रास घामाच्या हातांचा, बोटांचे डाग उठतात. पण तांबट घरानं आबांच्या लग्नाचा जुना फोटो आणि मजुरीच्या हिशोबाची जुनी वही दिली होती, आणि फोटो, कागद, कापड असल्या वस्तूंना साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड देत नाहीत. म्हणून केळीच्या टिश्यू कल्चर नर्सरीत लावतात ती हिरवी शेडनेट आम्ही छताखाली ताणली. उजेड कमी झाला पण तांबं आजारी दिसायला लागलं, सगळ्या हॉलवर हिरवट झाक. मग ती काढून काळी नेट. एक हंडा तिनं मुद्दाम हात लावायला खाली ठेवला, बाकी उतरंडीला दोरी. गॅलरीला चमक राहावी म्हणून तांब्यावर लॅकर, म्हणजे पारदर्शक लेप, मारून हवं होतं, काका नाही म्हणाले, भांडं काळवंडतं आणि घासलं की उजळतं, ते तसंच असू द्या. तिथंही तिनं काकांचं ऐकलं.

चटईच्या बाजूचं मात्र मला समाधान नाही. प्लास्टिकचा दाणा वितळवून त्याच्या पोकळ काड्या ओढतात, मग मागावर विणतात आणि कडेला पट्टी शिवतात, यात कितीतरी हात लागतात आणि रंगांची जुळणी करणारा माणूस तर खरा डिझायनर असतो. तिनं त्या माणसाचं नाव मागितलं. शेठजी म्हणाले कंपनीचं नाव लावा, एकाचं लावलं तर बाकीचे पगारवाढ मागतील. पैसे त्यांचे, शो तोंडावर, तिनं माघार घेतली. भिंतीवर मशीन कसं चालतं ते लागलं, रंग कुणी जुळवले ते लागलं नाही. तिच्या जागी दुसरं काय करता आलं असतं मला सांगता येत नाही, पण एकाच हॉलमध्ये एका बाजूला चार नावं आणि दुसऱ्या बाजूला फक्त लोगो, हे बघणाऱ्याला दिसत होतं. एका कॉलेजच्या मुलीनं तिला तोंडावर विचारलंसुद्धा, आणि तिनं खरं कारण सांगितलं.

करिअरवर परिणाम काय झाला हे लोक विचारतात. त्या गॅलरीनं तिला पुन्हा बोलावलं नाही. आर्टिस्टनं मात्र पुढच्या कामासाठी स्वतःहून फोन केला आणि सोनगीरलाच काम करायचं म्हणाला. एका डिझाईन कॉलेजनं तिला शिकवायला बोलावलं, विषय प्रदर्शनाचे करार आणि कारागिरांबरोबरचं काम. म्हणजे भांडण ज्या गोष्टीवरून झालं तीच तिची ओळख झाली. कमाई अजूनही अशीतशीच आहे, तासिका आणि लेखांवर घर चालतं.

आणि प्रकरण अजून मिटलेलं नाही. उतरंड सध्या मुंबईत गॅलरीच्या स्टोअरमध्ये आहे, विकायला. मध्यंतरी गॅलरीची प्राइस लिस्ट तिच्या हाती लागली, त्यात फक्त आर्टिस्टचं नाव. तिनं विचारलं तर उत्तर आलं की करारात लेबल लिहिलंय, प्राइस लिस्ट लिहिलेली नाही. ते खरंच आहे. आता तिच्या नव्या करारात त्या कलमात लेबल, कॅटलॉग, प्रेस नोट, प्राइस लिस्ट, बिल आणि विकत घेणाऱ्याला देतात ते सर्टिफिकेट असं सगळं एकेक करून लिहिलेलं असतं, आणि त्याच्या खाली वेगळी ओळ असते की ज्यांची नावं आहेत त्यांना ती जिथं नको असतील तिथं टाकायची नाहीत. उतरंडीच्या जुन्या करारात दुरुस्ती करायची म्हणून आर्टिस्टनं सही करून पाठवलीय, गॅलरीची सही यायचीय.